छत्तिसाव्या वर्षी सुरुवातीच्या अमेरिकेचा इतिहास शिकायला घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई नाशिकला इतिहासात एम.ए. झाल्या, वय ३६, दोन मुलं, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली चार वर्षं बॉस्टनजवळ राहतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या अमेरिकेचा अभ्यास करायची त्यांची इच्छा आहे. या विषयातल्या विद्यापीठीय इतिहासकाराचं आयुष्य नेमकं कसं जातं आणि आपल्याला आता उशीर झाला आहे का, असं त्यांनी विचारलंय.

मी गेली २२ वर्षं न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांतल्या, एका छोट्या कॉलेजात हाच विषय शिकवते. कायम नेमणूक मिळण्याआधीची सहा वर्षं मी तासिका तत्त्वावर तीन ठिकाणी शिकवत होते, आपल्याकडची सीएचबीची मंडळी धावतात तशीच. त्यामुळे या रस्त्यावर खाचखळगे कुठे आहेत ते मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी खाली लिहिणारच आहे. पण आधी एका बाईंची गोष्ट सांगते. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला पहिल्यांदा त्याच आठवल्या.

लॉरेल थॅचर उल्रिक. जन्म १९३८ चा, आयडाहो राज्यातल्या शुगर सिटी नावाच्या गावी. बिटापासून साखर काढणाऱ्या कारखान्याभोवती वसलेलं हे गाव. आपल्या नगर-कोल्हापूरकडच्या माणसाला कारखान्याचं गाव म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. घराणं मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाचं. युटा विद्यापीठातून १९६० मध्ये इंग्रजी साहित्यात पदवी घेतली, लग्न झालं, नवऱ्याच्या शिक्षणासाठी बॉस्टनला आल्या. मुलं झाली, एकूण पाच. चर्चमधल्या बायकांबरोबर त्यांनी बॉस्टनला नव्याने येणाऱ्यांसाठी शहराची एक माहितीपुस्तिका काढली. सिमन्स कॉलेजातून एम.ए. केलं, तेही इंग्रजीतच, आणि ते हातात पडलं १९७१ मध्ये. तोवर नवऱ्याला न्यू हॅम्पशायर विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकवायची नोकरी लागली होती, म्हणून कुटुंब डरहॅम गावी गेलं. तिथे गावातच विद्यापीठ होतं आणि तिथे इतिहासाची पीएच.डी. करता येत होती. उल्रिकनी ती केली. पदवी मिळाली १९८० मध्ये, म्हणजे चाळिशी उलटल्यावर.

तुम्ही नवऱ्याच्या नोकरीमागे आलात आणि जवळ जे विद्यापीठ आहे तिथेच शिकावं लागेल म्हणून कानकोंड्या झाल्यासारख्या लिहिता. या बाईंनीही तेच केलं होतं. सुरुवातीच्या अमेरिकेचा अभ्यास त्यांच्या वाट्याला आला त्यात राहत्या पत्त्याचा हात मोठा होता. न्यू हॅम्पशायर आणि मेन या भागांतल्या जुन्या वसाहतींचे कागद त्यांच्या घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर होते.

‘सुरुवातीची अमेरिका’ म्हणजे काय तेही इथेच सांगते, कारण नव्या विद्यार्थ्यांचा बहुतेक वेळा गोंधळ होतो. ढोबळमानाने युरोपीय लोक इथे येऊन वसाहती करू लागले तेव्हापासून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-तीस वर्षांपर्यंतचा हा काळ. व्हर्जिनियात जेम्सटाउन १६०७ मध्ये वसलं, प्लिमथ १६२० मध्ये. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा, राज्यघटना १७८७ ची. मूळ रहिवाशांची राष्ट्रं, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं, इंग्रज, डच, फ्रेंच, स्पॅनिश हे सगळे यात येतात. वॉशिंग्टन-जेफरसन हा त्याचा एक कोपरा झाला, आणि तो कोपरा उजळून ठेवायला हजारो माणसं बसली आहेत.

उल्रिक ज्या काळात शिकत होत्या, त्या १९७० च्या दशकात या विषयाची दिशाच बदलत होती. गावोगावचे जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले, करवसुलीच्या याद्या, मृत्युपत्रं घेऊन लोक मोजदाद करायला बसले होते: किती मुलं जगली, जमीन किती जणांत वाटली गेली, बापाने जमीन सोडेपर्यंत मुलगा किती वर्षं अडकून पडला. बायकांच्या बाबतीत मात्र कागद कमी पडत. इंग्रजी कायद्यानुसार लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होई. तिच्या नावाने मालमत्ता नाही, करार नाही, त्यामुळे कोर्ट-कचेरीच्या कागदात ती बहुधा विधवा झाल्यावरच उमटते. माणूस मेल्यावर घरातल्या चीजवस्तूंची जी यादी सरकारदरबारी नोंदली जाई, तिच्यात ‘एक जुना पलंग, दोन कढया, चरखा’ असं सगळं सापडतं. पण ती कढई चुलीवर कोणी चढवली त्याचं नाव नसतं.

उल्रिकचं पहिलं पुस्तक १९८२ मध्ये आलं, प्रबंधावर आधारलेलं. विषय: १६५० ते १७५० या काळातल्या उत्तर न्यू इंग्लंडमधल्या सामान्य बायका. त्यात ‘डेप्युटी हजबंड’ ही कल्पना आहे. नवरा समुद्रावर किंवा लढाईवर गेला की त्याच्या वतीने बायको व्यवहार पाही, देणी फेडी, माल पाठवी, आणि समाजाला त्यात वावगं काही वाटत नसे. नवरा परत आला की ती पुन्हा मागे. म्हणजे बाईला बाहेरचं काम जमत नव्हतं असं कुणाचंच मत नव्हतं, ते तिच्या नावावर मात्र लागत नव्हतं. गावाकडे ज्यांनी नोकरीनिमित्त मुंबईत राहणाऱ्या नवऱ्यांची शेतं सांभाळणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, त्यांना हे दोन वाक्यांत कळतं. माझ्या वर्गातल्या इथल्या मुलांना समजावायला मला अर्धा तास लागतो.

आता ज्या कामासाठी मी तुम्हाला त्यांच्याकडे बोट दाखवतेय, त्याकडे येते.

मेन राज्यात केनेबेक नदीकाठी हॅलोवेल नावाचं गाव होतं. त्याचा एक भाग पुढे वेगळा होऊन आजचं ऑगस्टा झालं. तिथे मार्था बॅलर्ड नावाची सुईण राहायची. जन्म १७३५, मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावचा. नवरा एफ्राइम, जमीन मोजणारा आणि गिरणीवाला. १७६९ मध्ये घटसर्पाच्या साथीत तिच्या तीन मुली दहा दिवसांच्या आत गेल्या. १७८५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तिने रोजनिशी लिहायला घेतली आणि १८१२ च्या मे महिन्यापर्यंत, मरणाच्या काही दिवस आधीपर्यंत, लिहीत राहिली. २७ वर्षं, जवळपास दहा हजार दिवसांच्या नोंदी, ८१६ बाळंतपणं.

ही रोजनिशी पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिली. शेवटी ती मार्थाची खापरपणती मेरी होबार्ट हिच्याकडे आली. मेरी तेव्हा नुकतीच डॉक्टर झाली होती, १८८४ मध्ये. त्या काळात बाईने डॉक्टर होणं सोपं नव्हतं. तिनेच १९३० मध्ये ती मेन स्टेट लायब्ररीला दिली. म्हणजे वही काही हरवली नव्हती. ऑगस्टाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती एकोणिसाव्या शतकातच पाहिली होती. पण त्यांना तिच्यात सामान्य वाचकाला रस वाटावा असं फारसं दिसलं नाही. त्यांनी पूर, आगी, खून एवढं वेचून घेतलं आणि बाकी सोडून दिलं. पुढे बायकांच्या आणि सुइणींच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनाही ती रटाळ वाटली.

रटाळ का वाटली ते कळण्यासाठी नोंदी कशा असतात ते पाहा. सुरुवातीला हवा: ऊन, बर्फ, पाऊस. मग आपण कुठे होतो: घरी, किंवा कुणाच्या घरी. कोण आलं, कोण जेवलं. मुलींनी किती सूत काढलं, मागावर काय चढवलं. सोयाबीन म्हणा की शेंगा, काय पेरलं, काय खुडलं असं आपण लिहू, तसं तिचं बीन्स आणि कोबीचं. बाळंतपण असेल तर समासात खूण आणि क्रमांक, मुलगा की मुलगी, आणि फी पोचली की ‘एक्स एक्स’ अशा दोन फुल्या. बस्स.

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं. त्याच्या प्रत्येक चौकटीत पेन्सिलीने काहीतरी: दूध दीड, बाई आली नाही, सिलिंडर, शकूकडे गेले. वर्ष संपलं की ते कालनिर्णय रद्दीत जायचं. मार्थाच्या काळातल्या न्यू इंग्लंडमध्येही लोक पंचांगवजा छापील पुस्तिकांत कोरी पानं शिवून तिथे असंच लिहीत. पदवीच्या पहिल्या वर्षात एका संग्रहालयात मी असं पहिलं पंचांग हातात घेतलं, तेव्हा आजीची चौकट डोळ्यांपुढे आली आणि मी पान उलटायचं विसरून बसले. आजीची ती कालनिर्णयं आज असती तर १९७० च्या दशकातल्या एका निमशहरी घराचं अर्थकारण मी तुम्हाला महिनावार सांगू शकले असते.

उल्रिकनी ही रोजनिशी वेचून न घेता सगळी वाचली. कित्येक वर्षं त्या तिच्यापाशी राहिल्या. नोंदी मोजल्या, तक्ते केले, मार्थाच्या शेजाऱ्यांच्या वह्या, कोर्टाचे कागद, जमिनीचे नकाशे, नगरसभांच्या नोंदी यांच्याशी ताडून पाहिल्या. १९९० मध्ये पुस्तक आलं. त्याच्या दहा प्रकरणांपैकी प्रत्येकाची सुरुवात रोजनिशीच्या काही पानांनी होते, जशीच्या तशी, मार्थाच्या स्पेलिंगसकट. मग उल्रिक बोलतात. म्हणजे वाचकाला आधी तीच रटाळ पानं वाचायला लागतात आणि मग हळूहळू त्यांतून माणसं उठून उभी राहतात.

पहिल्याच प्रकरणाचं उदाहरण घ्या. १७८७ चा ऑगस्ट, गावात लहान मुलांना घशाच्या तापाची साथ. ३ ते २४ तारखेपर्यंतच्या नोंदी एकत्र केल्या तर मार्थाने चार बाळंतपणं केली, एका खोट्या कळांच्या बोलावण्याला गेली, सोळा वेळा आजाऱ्यांकडे गेली, तीन प्रेतं दफनासाठी तयार केली, एका शेजाऱ्याला गोळ्या दिल्या, दुसऱ्यासाठी झाडपाला खुडून तयार केला आणि आपल्याच नवऱ्याच्या दुखऱ्या घशावर उपचार केले. तीन आठवड्यांत. यातली एकही नोंद दोन-तीन ओळींपेक्षा फार मोठी नाही, आणि आपण किती थोर काम करतोय असा सूर कुठेच नाही. सगळ्या नोंदी एकाखाली एक मांडल्यावरच कळतं की त्या गावात डॉक्टर, परिचारिका, औषधवाली आणि मर्तिकाला धावणारी ही सगळी एकच बाई होती.

दुसरं उदाहरण मी दरवर्षी शिकवते. त्या वेळी मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात (मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता) कुमारी मातेने ऐन कळा येत असताना बापाचं नाव सांगितलं तर ते पुरावा म्हणून धरलं जाई आणि त्या पुरुषावर पोटगी बसे. नाव विचारायचं काम सुइणीचं. मार्थाच्या वहीत अशा नोंदी अनेक आहेत. १७९१ च्या ऑक्टोबरमध्ये तिला सॅली पिअर्स नावाच्या मुलीकडे बोलावणं आलं. मुलगा झाला. बाप कोण असं विचारल्यावर सॅलीने नाव सांगितलं: जोनाथन. मार्थाचा स्वतःचा मुलगा. मार्थाने ते नेहमीच्याच अक्षरात, नेहमीच्याच ओळीत लिहून ठेवलं. पुढे काही महिन्यांनी जोनाथनचं आणि सॅलीचं लग्न झालं आणि सॅली सून म्हणून घरात आली. गाव नाक मुरडत बसलं असेल अशी आपली अपेक्षा असते. पण उल्रिकनी मोजून दाखवलं की मार्थाने केलेल्या पहिलटकरणींच्या बाळंतपणांत दहातल्या जवळपास चौघींना लग्नाआधीच दिवस गेले होते. न्यू इंग्लंडच्या सोवळ्या प्युरिटनांबद्दल शाळेत शिकवलेलं चित्र त्या एका मोजणीने हलतं.

आणि १७८९ च्या एप्रिलमधली ती रात्र. भर पावसात बोलावणं, खवळलेली नदी होडीतून ओलांडली, पुढे घोड्यावरून जाताना एक झाड मुळासकट उन्मळून समोरच पडलं. ओढ्यावर आले तर पूल वाहून गेलेला. सोबतच्या माणसाने लगाम धरून पाण्यातून घोडा पार नेला. ती पोचली, बाळंतपण केलं. मी हे वाचून दाखवते तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता असते.

पण मला स्वतःला उल्रिकच्या या कामात जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते याहून साधं आहे, आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. मार्थाला इतकी बाळंतपणं कधी करता आली? ज्या वर्षांत घरात मोठ्या मुली आणि कामाला ठेवलेल्या शेजारच्या पोरी होत्या तेव्हा. त्यांनी सूत काढलं, विणलं, रांधलं, धुतलं, म्हणून मार्था रात्री-अपरात्री घराबाहेर पडू शकली. मुली लग्न होऊन गेल्या, कामाला पोरी मिळेनाशा झाल्या, तशी तिच्यावर घर कोसळलं आणि बाहेरचं काम आटलं. पुढे १८०४ मध्ये नवऱ्याला कर्जापायी तुरुंगात जावं लागलं (कर वसूल करण्याची जबाबदारी त्याच्यावर होती आणि वसुली पुरी झाली नव्हती) तेव्हा सत्तरीला टेकलेली ही बाई सरपणासाठी मुलावर अवलंबून होती.

हे कुणाच्या लक्षात यावं? ज्या माणसाला घरात कोण आहे हे पाहिल्याशिवाय कधीच बाहेर पडता आलेलं नाही, त्याच्या. उल्रिक पाच मुलं वाढवता वाढवता शिकल्या होत्या. कपडे धुण्याचा दिवस म्हणजे एक अख्खा दिवस जातो, हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. त्यांच्या आधी ती वही चाळणारे अभ्यासक हुशारच होते, पण ‘मुलींनी मागावर कापड चढवलं’ या ओळीपाशी ते थांबले नाहीत. माझं मत असं की पदवी आणि पीएच.डी. यांच्यामधली उल्रिकची ती वीस वर्षं वाया गेली नव्हती, ती त्या ओळीवर खर्ची पडली. तुमच्या छत्तीस वर्षांकडे मी तशीच बघते, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. वर्गात बावीस वर्षांच्या अत्यंत चलाख मुलांना हा प्रश्न सुचवावा लागतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

त्या पुस्तकाला १९९१ मध्ये इतिहासाचं पुलित्झर आणि बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळालं. १९९२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप. १९९५ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, त्या हार्वर्डला प्राध्यापक म्हणून गेल्या. २००९ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या अध्यक्ष. २०१८ मध्ये निवृत्त. सनावळी इतकीच पुरे.

त्यांचं एक वाक्य मात्र तुम्ही कुठल्या तरी टी-शर्टवर नक्की पाहिलं असेल: नीट वागणाऱ्या बायका क्वचितच इतिहास घडवतात. ते १९७६ मधल्या त्यांच्या एका शोधनिबंधातलं आहे. निबंध कशावर? धर्मोपदेशकांनी पुण्यशील बायकांच्या मृत्यूनंतर दिलेल्या प्रवचनांवर. म्हणजे ज्या गुपचूप आपलं काम करत राहिल्या, त्या इतिहासाच्या पुस्तकातून गळल्या, आणि त्यांना शोधायला हवं, असं त्यांना म्हणायचं होतं. मग वाक्य एकटं सुटलं, पाट्यांवर, मगवर, गाडीच्या बंपरवर गेलं आणि ‘बायांनो, बंड करा’ असा त्याचा अर्थ झाला. उल्रिकनी यावर चिडून न बसता २००७ मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. वाक्य त्याच्या संदर्भापासून तुटलं की काय होतं हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण अजून सापडलेलं नाही.

२००१ मधल्या पुस्तकात त्यांनी कागद सोडून वस्तू वाचल्या: टोपली, चरखे, टेबलक्लॉथ, अर्धवट विणलेला मोजा. त्यातलं एक कपाट माझं आवडतं. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, वेलबुट्टीने रंगवलेलं, आणि दर्शनी बाजूला ठळक मोठ्या अक्षरांत मालकिणीचं माहेरचं नाव: हॅना बर्नार्ड. जमीन बापाकडून मुलाकडे जाई. मुलीला मिळत ती कपडेलत्ते, भांडी, पेट्या-कपाटं. लग्नानंतर तिचं आडनावही बदलणार. हॅनाचं लग्न १७१५ मध्ये झालं आणि दोन वर्षांत ती बाळंतपणात गेली. मुलगी जगली, कपाट तिच्याकडे गेलं, आणि त्या मुलीने आपल्या मुलीचं नाव ठेवलं हॅना बर्नार्ड, आजीच्या आडनावासकट. आपल्याकडे लग्नातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घालतात. ती घासून घासून पुसट होतात तरी कुणी मोडीत देत नाही. त्या भांड्यांकडे इतिहासाचं साधन म्हणून बघायला मी या कपाटामुळे शिकले.

आता खाचखळगे.

उल्रिकना पीएच.डी. झाल्यावर त्याच विद्यापीठात नोकरी लागली. आज ते जवळपास घडत नाही, यावर विसंबू नका. इतिहासाच्या कायम जागांच्या जाहिराती २००८ च्या मंदीनंतर कोसळल्या आणि पूर्वीच्या पातळीला पुन्हा आल्या नाहीत. सुरुवातीच्या अमेरिकेसाठी तर एखाद्या वर्षी देशभरात मोजक्या जागा निघतात आणि प्रत्येक जागेला अर्जांचा ढीग. पीएच.डी.ला सहा-सात वर्षं धरा: पहिली दोन अभ्यासक्रमाची, मग शंभराच्या वर पुस्तकं वाचून तोंडी-लेखी परीक्षा, मग कागदपत्रं आणि लेखन. नोकरी मिळालीच तर पुढची सहा वर्षं कायम होण्याची परीक्षा, आणि त्यासाठी बहुतेक विद्यापीठांत एक पुस्तक छापून हातात लागतं. माझी तासिकेची वर्षं मी कशीबशी काढली. एका कॉलेजात चार सत्रं शिकवल्यावर पाचव्याच्या आदल्या आठवड्यात वर्ग रद्द झाल्याचं कळवलं गेलं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता आणि पाळणाघराची फी भरून झाली होती. ती रात्र मी विसरलेले नाही. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं: पूर्ण पाठ्यवृत्ती आणि फीमाफी मिळाल्याशिवाय पीएच.डी.ला नाव घालू नका. कर्ज काढून तर नाहीच.

व्हिसाचंही आधी बघा. एच-४ वर (नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) शिकता येतं. पण अध्यापन-साहाय्यक म्हणून पैसे घेणं ही नोकरी धरली जाते, आणि कामाची परवानगी नसेल तर ती पाठ्यवृत्ती तुमच्या हातात पडणार नाही. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल का, हे अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा.

मग करायचं काय? तुम्ही बॉस्टनजवळ राहता. या विषयाच्या माणसासाठी ते आळंदीत घर असल्यासारखं आहे. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी १७९१ पासूनची, शहरातच. वूस्टरला अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी, १८१२ ची. १८७६ पर्यंतचं अमेरिकेतलं छापील साहित्य जमवण्याचा तिचा ध्यास आहे. पीएच.डी.चे विद्यार्थी नसाल तरी तिथे वाचायला बसता येतं.

आणि तुमच्याकडे असं काही आहे जे माझ्या बहुतेक सहकाऱ्यांकडे नाही. तुम्हाला मराठी येतं, आणि तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की मोडीचा वर्गही केला आहे. ते ओझरतं लिहिण्यासारखं नाही. १८१० मध्ये न्यू इंग्लंडमध्ये परदेशी मिशनचं एक मंडळ स्थापन झालं, कचेरी बॉस्टनला. १८१२ च्या फेब्रुवारीत त्याचे पहिले मिशनरी जहाजात बसले. मार्था बॅलर्ड तेव्हा केनेबेककाठी आपली शेवटची पानं लिहीत होती. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि तिथून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं: मराठी शिकणं, शाळा, छापखाना, १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा, पुढे अहमदनगर आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’. या मंडळाचे कागद हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. तिथे न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून आलेली, मार्थाच्या जगात वाढलेली माणसं मुंबईहून घरी काय लिहीत होती ते वाचता येतं. अमेरिकन इतिहासकार ही पत्रं वाचतात तेव्हा त्यांतली मराठी नावं आणि शब्द ओलांडून पुढे जातात, कारण ते शब्द वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये असतात. तुम्ही ओलांडणार नाही. या मिशनरी बायकांच्या घरात कोण काम करत होतं, त्यांना मराठी बोलायला कोणी शिकवलं, शाळेत पहिल्या मुली कुठल्या वस्तीतून आल्या, त्यांची बाळंतपणं मुंबईत कोणी केली? हे प्रश्न मला सुचतात, पण माझं सगळं काम न्यू हॅम्पशायरच्या हिशेबवह्यांत गेलं. तुम्ही मात्र या मिशनच्या कागदांजवळच राहता.

सुरुवात लहान करा. या सत्रात जवळच्या सरकारी विद्यापीठात एक विषय घ्या, पदवीसाठी नव्हे, एकच विषय, संध्याकाळचा. त्या प्राध्यापकांना तुमचं लिखाण दिसू द्या. पुढे शिफारसपत्र त्यांच्याकडूनच लागेल. नवऱ्याशी आधीच ठरवून घ्या की आठवड्यातला कुठला दिवस मुलांची शाळा, डबा, आजारपण सगळं त्यांच्याकडे. एक दिवस, पण पक्का. मार्थाच्या मुली मागावर बसल्या म्हणून ती नदी ओलांडू शकली, हे त्यांना सांगून पाहा.

मग त्या दिवशी हॉटनला जा. नाव नोंदवून वाचक म्हणून ओळखपत्र घ्यावं लागतं, कागद आधी मागवून ठेवावे लागतात, पिशवी आणि पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल आणि लॅपटॉप. पहिल्या दिवशी शोध वगैरे लावायला जाऊ नका. एक पत्र घ्या आणि जसंच्या तसं उतरवा, स्पेलिंग न सुधारता, न लागलेल्या अक्षराच्या जागी कंस टाकून. अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या अक्षराला डोळा बसायला आठ-दहा पानं जातात. मोडी शिकलेल्या माणसाला त्याचं भय वाटणार नाही. उतरवून झालं की त्यातली जी मराठी नावं ओळखू आली त्यांची वेगळी यादी करा, आणि मला पाठवा. जी अक्षरं लागली नसतील त्यांवर आपण दोघी बसू.